तीन नावांची राणी



यंदाच्या भित्तीपत्रकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे असे ठरले. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला शिवाजी महाराज आले, कुणाला सावित्रीबाई, कुणाला अहिल्याबाई. माझ्या चिठ्ठीत निघाली राणी इंगेगर्ड! नाव वाचताना माझी जीभ अडखळली आणि सगळा वर्ग खो खो हसला. मी बाईंकडे चिठ्ठी बदलून मागितली. बाईंनी काही ती बदलून दिली नाही. उलट एक जाड पुस्तक आणि युरोपचा नकाशा माझ्या हातात ठेवला. सुरुवातीला मला रडू आलं. पण वाचत गेले आणि आता मला कुणी चिठ्ठी बदलून मागितली तर मी देणार नाही.

आधी मुलूख आणि काळ सांगते, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. युरोप खंडाच्या उत्तरेला बाल्टिक नावाचा समुद्र आहे. त्याच्या पश्चिमेला स्वीडन. स्वीडनच्या पलीकडे डोंगर ओलांडला की नॉर्वे. समुद्राच्या पूर्वेला नद्यांचा आणि घनदाट जंगलांचा भला मोठा मुलूख होता. त्याला त्या काळी रुस म्हणत. रुसमध्ये उत्तरेला नोवगोरोद आणि दक्षिणेला कीव अशी दोन मोठी शहरं. हे कीव म्हणजे आपल्याला एखाद्याची येते ती कीव नव्हे हं! नीपर नदीच्या काठचं हे शहर आज युक्रेन देशाची राजधानी आहे. नोवगोरोद मात्र रशिया देशात आहे. आणि काळ म्हणाल, तर गझनीच्या महमूदाने सोमनाथचे देऊळ लुटले ते साल इ. स. १०२६. आपली राणी तेव्हा पंचविशीची होती. म्हणजे ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीची.

इंगेगर्डचा जन्म सुमारे १००१ साली स्वीडनमध्ये झाला. तिचे वडील राजा ओलोफ. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि सिग्तुना या गावी स्वीडनमधली पहिली नाणी त्यांनीच पाडली. आईचे नाव एस्त्रिद. ती समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्लाव लोकांतली. म्हणजे इंगेगर्डची आईसुद्धा परमुलखातून आलेली. तिला आनुंद याकोब नावाचा भाऊ होता, तो पुढे स्वीडनचा राजा झाला. आणि आस्त्रिद नावाची एक सावत्र बहीण होती. या आस्त्रिदला विसरू नका, ती पुढे येणार आहे.

त्या काळी स्वीडन आणि नॉर्वे यांचे हाडवैर होते. नॉर्वेच्या राजाचे नावही जवळजवळ तेच, ओलाफ. घोटाळा नको म्हणून वडिलांना मी ओलोफ म्हणते आणि नॉर्वेच्या राजाला ओलाफ. दोन राजांच्या भांडणात हाल व्हायचे ते शेतकऱ्यांचे. शेवटी १०१८ साली उप्साला येथे मोठी सभा भरली. आपल्या ग्रामसभेसारखीच, पण साऱ्या मुलखाची. तिथे थोरग्नी नावाचा एक वृद्ध, जाणता माणूस उठला. त्याने भर सभेत राजाला बजावले की नॉर्वेशी तह करा आणि तुमची मुलगी इंगेगर्ड त्या राजाला द्या, नाहीतर आम्ही शेतकरी तुमच्यावर उठू. पूर्वी अशाच गर्विष्ठ पाच राजांना लोकांनी विहिरीत ढकलले होते, याचीही त्याने आठवण करून दिली. राजा गप्प झाला. त्याने कबूल केले.

हे सगळे आइसलंडच्या स्नोरी नावाच्या लेखकाने सुमारे दोनशे वर्षांनंतर राजांच्या गाथांमध्ये लिहून ठेवले आहे. त्याने आणखी एक गंमत सांगितली आहे. सभा झाली, पण बाप काही लग्नाचा मुहूर्त धरीना. एके सकाळी तो शिकारीहून परत आला तो फुशारकी मारतच. थोड्या वेळात पाच रानकोंबडे मारले होते ना! मुलीने ते बघितले आणि म्हणाली की पाच पक्षी म्हणजे शिकार चांगलीच झाली, पण नॉर्वेच्या ओलाफने तर एका सकाळीच पाच राजे पकडले, ती शिकार याहून मोठी. झालं! बाप भडकला. त्याने निक्षून सांगितले की त्या माणसाशी तुझे लग्न या जन्मी होणे नाही.

तिकडे ओलाफ आपली माणसे घेऊन सरहद्दीवर येऊन थांबला होता. नवरीकडचे कुणी आलेच नाही. ठरलेले लग्न मोडले. आपल्या गावात असे झाले तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. तिथेही युद्ध पेटायची वेळ आली. तेव्हा रोन्यवाल्द नावाच्या सरदाराने मार्ग काढला. तो इंगेगर्डचा नातलग. त्याने आस्त्रिदचे लग्न ओलाफशी लावून दिले, तेही तिच्या वडिलांना न विचारता! म्हणजे जिथे इंगेगर्ड जायची होती तिथे सावत्र बहीण गेली. युद्ध टळले, पण राजा ओलोफ रोन्यवाल्दच्या जिवावर उठला.

त्याच सुमारास रुसमधून मागणी आली. नोवगोरोदचा राजा यारोस्लाव याला इंगेगर्ड बायको म्हणून हवी होती. हा यारोस्लाव पुढे इतका मोठा झाला की इतिहासात त्याला शहाणा यारोस्लाव म्हणतात. वडिलांनी होकार दिला. मुलीला इथे नाही म्हणायची सोय नव्हती. पण तिने दोन अटी घातल्या, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला.

पहिली अट स्त्रीधनाची. त्या लोकांत नवरा बायकोला लग्नात काही संपत्ती द्यायचा आणि ती तिचीच राहायची. इंगेगर्डने दागिने मागितले नाहीत. तिने लादोगा नावाचे शहर आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख मागितला. बाईंनी मला नकाशात लादोगा दाखवलं तेव्हा कळलं, पोरगी किती हुशार होती! वोल्खोव नदीच्या काठी हे गाव. समुद्रातून येणारे प्रत्येक जहाज आधी इथे लागायचे आणि मगच नोवगोरोदला जायचे. म्हणजे सासरच्या घराचे पुढचे दारच तिने आपल्या ताब्यात घेतले, आणि ते दार माहेरच्या बाजूला उघडत होते. दुसरी अट रोन्यवाल्दची. बापाच्या रागातून त्याला वाचवायचे म्हणून आपल्यासोबत त्याला सुखरूप जाऊ द्यावे असे तिने सांगितले. आपल्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते, तसा हा तिचा पाठराखा. लादोग्याचा कारभार तिने त्याच्याच हाती दिला.

१०१९ साली ती जहाजाने निघाली. बाल्टिक समुद्र, मग नेवा नदी, मग लादोग्याचे प्रचंड सरोवर, आणि तिथून वोल्खोव नदीने प्रवाहाच्या उलट दिशेने नोवगोरोद. वय अठराच्या आसपास. वडिलांचा मृत्यू १०२२ च्या सुमारास झाला.

सासरी गेल्यावर तिचे नाव बदलले. ती इरिना झाली. इरिना हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ शांती. म्हणजे आपल्याकडची शांताच! यारोस्लावचेही बाप्तिस्म्याचे नाव वेगळे होते, गेओर्गी. पण त्याला लोक यारोस्लावच म्हणत राहिले. रुसच्या पुस्तकात ती इरिना, आणि माहेरकडच्या गाथांत इंगेगर्ड. एकच बाई, पण एका मुलखातल्या माणसाने दुसऱ्या मुलखात जाऊन चौकशी केली असती तर त्याला ती सापडली नसती.

हे वाचून मी जेवायच्या वेळी आईला सांगितलं. आई भाकरी थापता थापता थांबली. तिचंही नाव लग्नात बदललं आहे. तांदळात अंगठीनं लिहिलेलं ते नवं नाव आमच्या घरी, रेशनकार्डावर, माझ्या दाखल्यावर, सगळीकडे आहे. जुनं नाव फक्त मामाच्या गावी ऐकू येतं. एस. टी. तून उतरलं की पारावरची म्हातारी माणसं तिला त्या नावानं हाक मारतात, आणि आई लहान मुलीसारखी हसते. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं ही माणसं दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत.

असो. मूळ गोष्टीकडे येते.

यारोस्लावचे राज्य सुरुवातीला स्थिर नव्हते. वडील वारल्यावर भावाभावांत गादीसाठी लढाया झाल्या. लग्नाच्या साली, म्हणजे १०१९ मध्ये, त्याने कीव जिंकले. १०२४ मध्ये दुसरा भाऊ मस्तिस्लाव याने त्याला लिस्त्वेनच्या लढाईत हरवले. १०२६ मध्ये दोघांनी तह करून नीपर नदी हीच वाटणीची रेघ ठरवली. १०३६ मध्ये मस्तिस्लाव वारला आणि यारोस्लाव जवळजवळ सगळ्या रुसचा धनी झाला. त्याच साली पेचेनेग नावाच्या भटक्या घोडेस्वारांनी कीववर हल्ला केला, त्यांचाही त्याने मोड केला. या सतरा वर्षांच्या धामधुमीत राणीची मुले जन्मली आणि वाढली. व्लादिमिर, इझ्यास्लाव, स्व्यातोस्लाव, व्सेवोलोद, व्याचेस्लाव आणि इगोर हे सहा मुलगे. एलिसावेता, अनास्तासिया आणि आन्ना या तीन मुली. नावे म्हणताना अडखळलात तरी चालेल, मीही आठ दिवस पाठ करत होते.

आता मॅग्नसची गोष्ट सांगते.

ज्या ओलाफशी इंगेगर्डचे लग्न मोडले होते, त्याचे नॉर्वेचे राज्य १०२८ साली डेन्मार्क व इंग्लंडचा राजा कनूट याने हिसकावून घेतले. ओलाफ परागंदा झाला. बायको आस्त्रिदला त्याने स्वीडनमध्ये ठेवले आणि स्वतः एका लहान मुलाला घेऊन निघाला. हा मुलगा मॅग्नस. तो आस्त्रिदचा नव्हता, दुसऱ्या बाईपासून झालेला होता. चार-पाच वर्षांचे पोर घेऊन हा राजा आश्रयाला आला कुठे? तर इंगेगर्डच्या दारात!

यारोस्लाव आणि इंगेगर्ड यांनी त्याला ठेवून घेतले. दीड-दोन वर्षांनी ओलाफ राज्य परत मिळवायला नॉर्वेला गेला आणि २९ जुलै १०३० रोजी स्तिक्लेस्तादच्या लढाईत मारला गेला. मॅग्नसला त्याने मागेच ठेवले होते. ते पोरके पोर इंगेगर्डने आपल्या मुलांबरोबर वाढवले.

एका दुसऱ्या जुन्या गाथेत हीच गोष्ट जरा वेगळी सांगितली आहे. ती लिहू की नको असा मला प्रश्न पडला होता. बाई म्हणाल्या, लिही. त्या गाथेप्रमाणे यारोस्लावने सुंदर दिवाणखाना बांधला आणि राणीला विचारले की नॉर्वेच्या ओलाफकडे असा आहे का. राणीने उत्तर दिले की त्याचे घर साधे लाकडी खांबांचे, पण तिथे बसणारा माणूस तुमच्याहून मोठा. राजाला राग आला आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली. तेव्हा राणी भांडत बसली नाही. ती राज्य सोडून जायला निघाली. लोकांनी समजूत घातली, राजानेही पडते घेतले आणि विचारले की तुझे समाधान कशाने होईल. तिने मागितले काय, तर ओलाफच्या मुलाला इथे आणून आपण वाढवू.

मला दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा दिसतो. पोर घरी कसे आले याबद्दल गाथांचे मत वेगवेगळे आहे, पण ते कुणी वाढवले याबद्दल कुणाचे दुमत नाही.

१०३५ साली नॉर्वेतले मोठमोठे सरदार मॅग्नसला राजा करण्यासाठी न्यायला आले. त्यांत कालव्ह आर्नासोन नावाचा एक जण होता. त्या लढाईत तो ओलाफच्या विरुद्ध बाजूने लढला होता! मग अशांच्या हाती मुलगा कसा द्यायचा? म्हणून आलेल्यांकडून आधी शपथा घेतल्या गेल्या की याच्याशी इमान राखू. मगच मॅग्नसला जाऊ दिले. तो तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलाएवढा. वाटेत स्वीडन लागले. तिथे आस्त्रिद उभी होती. तिने भर सभेत आपल्या सावत्र मुलाची बाजू घेऊन त्याच्यासाठी सैन्य मिळवून दिले. मॅग्नस नॉर्वेचा राजा झाला आणि लोक त्याला चांगला मॅग्नस म्हणू लागले. हा मुलगा दोघी बहिणींपैकी एकीच्याही पोटचा नव्हता. एकीने वाढवला, दुसरीने गादीवर बसवला. सावत्र हा शब्द आपण किती वाईट अर्थाने वापरतो, नाही का?

इंगेगर्डच्या घरी असे पाहुणे आणखीही आले. ओलाफचा सावत्र भाऊ हाराल्द त्याच लढाईत पंधराव्या वर्षी जखमी झाला होता. तो पळत इथे आला आणि यारोस्लावच्या सैन्यात राहिला. हंगेरीचा राजपुत्र आंद्राश हाही घरातून हाकलला गेला होता, तोही इथेच आला. दोघांचेही पुढे नशीब फिरले. आंद्राश १०४६ साली हंगेरीचा राजा झाला. त्याची बायको इंगेगर्डची मुलगी अनास्तासिया. हाराल्द ग्रीक बादशहाच्या नोकरीत खूप धन मिळवून परत आला आणि १०४४ च्या सुमारास एलिसावेतेशी त्याचे लग्न झाले. पुढे तो नॉर्वेचा राजा झाला. म्हणजे उपाशीतापाशी आलेले पाहुणे पुढे जावई झाले.

तिसरी मुलगी आन्ना. तिला मागणी आली ती पार फ्रान्सचा राजा हेन्री याच्याकडून. कीवहून फ्रान्स म्हणजे सुमारे दोन हजार किलोमीटर. १९ मे १०५१ रोजी रेम्स शहरात तिचे लग्न झाले आणि ती फ्रान्सची राणी झाली. १०६० मध्ये नवरा वारला, तेव्हा मुलगा फिलिप आठ वर्षांचा. आन्नाने त्याच्या वतीने राज्यकारभारात भाग घेतला. १०६३ सालचा एका मठाच्या दानाचा एक कागद फ्रान्समध्ये अजून जपून ठेवला आहे. त्यावर दोन शब्द आहेत, आन्ना राणी. ते लॅटिन लिपीत नाहीत. ते तिच्या माहेरच्या, रुसच्या लिपीत आहेत. आजूबाजूला सगळी परकी अक्षरं आणि त्यात हे दोनच शब्द माहेरचे! त्याचे चित्र पुस्तकात पाहिले तेव्हा मला एकदम आई आठवली.

मुलांचेही शिक्षण चांगले झाले असावे. व्सेवोलोद घरी बसून पाच भाषा शिकला, असे त्याच्याच मुलाने, व्लादिमिर मोनोमाख याने, आपल्या मुलांना उपदेश करताना लिहून ठेवले आहे. आणि का शिकू नये? आई स्वीडनची, घरात नॉर्वेची, हंगेरीची माणसे, आणि पुढे व्सेवोलोदची स्वतःची बायको ग्रीक बादशहाच्या नात्यातली. आपल्याला इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांच्या पेपरची भीती वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मीही त्यातलीच.

यारोस्लावच्या काळात कीवमध्ये संत सोफियाचे भव्य दगडी चर्च उभे राहिले. त्याला तेरा घुमट होते. आत सोन्याच्या रंगाच्या काचतुकड्यांनी केलेले प्रार्थना करणाऱ्या देवमातेचे चित्र आहे, ते साडेपाच मीटर उंच आहे. आमच्या शाळेच्या छतापेक्षाही उंच! त्याच चर्चच्या भिंतीवर राजाच्या कुटुंबाचे चित्र काढले होते. मधला भाग भिंतीबरोबर पडून गेला, म्हणून राजा-राणीचे तोंड आज दिसत नाही. बाजूच्या भिंतीवर चार तरुण आकृती ओळीने चालताना उरल्या आहेत. त्या मुली असाव्यात असे पुष्कळ दिवस मानत आले. या लेखाशेजारी जे रंगीत चित्र चिकटवले आहे ते मी त्यावरूनच काढले आहे. हात नीट जमले नाहीत. शिवाय कीवमध्ये यारोस्लावने संत गेओर्गी आणि संत इरिना अशा दोन नावांचे मठही बांधले, एक स्वतःच्या नावाच्या संताचा आणि एक बायकोच्या.

राणी १० फेब्रुवारी १०५० रोजी वारली. मोठ्या मुलीला राणी झालेली तिने पाहिले, पण आन्नाचे लग्न पाहायला ती राहिली नाही. चार वर्षांनी यारोस्लावही गेला.

शेवटी तिला तिसरे नाव मिळाले. चर्चच्या परंपरेप्रमाणे तिने अखेरीस संन्यास घेतला आणि आन्ना हे नाव धारण केले. १४३९ साली तिला संत म्हणून मान मिळाला, तो नोवगोरोदची संत आन्ना या नावाने. तिची समाधी कुठे, याबद्दलही दोन गावांचा हक्क. नोवगोरोदचे लोक म्हणतात ती आमच्या सोफिया चर्चमध्ये आहे. तिच्या थोरल्या मुलाने, व्लादिमिरने, बांधलेले हे चर्च. कीवचे लोक तिथल्या सोफियातली संगमरवरी पेटी दाखवतात, जिच्यात यारोस्लावला ठेवले होते. नावे तीन आणि समाध्या दोन!

तिच्या मागे घरात सगळे गोडच झाले असे मात्र नाही. खोटं कशाला लिहू? १०७३ मध्ये स्व्यातोस्लाव आणि व्सेवोलोद यांनी थोरल्या इझ्यास्लावला कीवमधून हाकलून दिले. ज्या घरात हाकललेल्यांना आसरा मिळायचा त्याच घरातला मुलगा दारोदार फिरला. नात्यांची गाठ तर विचारू नका! १०६६ साली जावई हाराल्द इंग्लंडवर चालून गेला आणि २५ सप्टेंबरला तिथल्या राजाच्या सैन्याकडून मारला गेला. त्या राजाचे नावही हॅरल्डच. तोही तीन आठवड्यांच्या आतच हेस्टिंग्जच्या लढाईत पडला. त्याची मुलगी गीथा निराधार झाली. ती समुद्र ओलांडून आली ती शेवटी रुसमध्ये, आणि तिचे लग्न झाले इंगेगर्डच्या नातवाशी, त्याच व्लादिमिर मोनोमाखशी. ज्याच्या सैन्याने जावयाला मारले त्याचीच लेक नातसून म्हणून घरात आली.

आता शेवटची गोष्ट. एलिसावेता आणि हाराल्द यांना दोन मुली झाल्या. एकीचे नाव मारिया. दुसरीचे नाव त्यांनी ठेवले इंगेगर्ड, म्हणजे आजीचेच. ही नात मोठी होऊन आधी डेन्मार्कची राणी झाली. तो नवरा वारल्यावर तिने स्वीडनच्या फिलिपशी लग्न केले, आणि तो राजा झाल्यावर ती स्वीडनची राणी झाली. मी नकाशावर बोट ठेवून पाहिले. १०१९ साली एक मुलगी स्वीडनहून निघाली. सासरी तिचे नाव पुसले गेले. आणि सुमारे ऐंशी वर्षांनी तेच नाव रुसहून नॉर्वे, नॉर्वेहून डेन्मार्क आणि तिथून परत स्वीडनला, तिच्या माहेरच्या राजवाड्यात जाऊन पोचले. ते नाव मुलीच्या मुलीने नेले.

कीवचे सोफिया चर्च १९९० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा त्या शहरावर बॉम्ब पडल्याच्या बातम्या आपण ऐकल्या. २०२३ मध्ये ते चर्च धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेले. इंगेगर्डचे लादोगा आणि नोवगोरोद एका देशात, कीव दुसऱ्या देशात. एकाच बाईची दोन्हीकडची घरं. तिचे सासरचे नाव शांती होते, हे मला बातम्या ऐकताना सारखे आठवते.

माझ्या मैत्रिणींनो, इंगेगर्डने लढाई मारली नाही की सिंहासनावर बसून राज्य केले नाही. तिला कुठे द्यायचे ते दुसऱ्यांनी ठरवले. पण तिने जाताना आपले गाव मागून घेतले, आपल्या माणसाला वाचवले आणि दारात आलेल्या पोराला आपले म्हटले. मला ती म्हणून थोर वाटते.

लेख पूर्ण झाल्यावर मी तो आईला वाचून दाखवला. आन्नाच्या सहीपाशी आल्यावर तिने परत वाचायला सांगितलं. मग माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली. तुम्ही आता वाचताय त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात एक नाव लिहिलेलं दिसेल. ते खोडायचं राहून गेलंय असं कुणी समजू नये. ते माझ्या आईचं पहिलं नाव आहे. तिनं स्वतः लिहिलं आहे.

काही चुकले असल्यास लहान समजून क्षमा करावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी